पडदा कापल्यानंतरची वीस वर्षं

नवजात मुलाचा लंगोट ओला होतो की नाही, हे आपल्याकडे प्रत्येक आजी पाहते. लघवीची धार लागते की ती नुसती ठिबकते, हे मात्र सहसा कुणी पाहत नाही. या पुस्तिकेचा विषय या दोन गोष्टींमधल्या फरकात आहे. लंगोट ओला होत असतानाही बाळाच्या पोटात लघवी तुंबलेली असू शकते, आणि ती तुंबत राहिली तर दोन्ही किडन्या आयुष्यभरासाठी अधू होतात.

आजार फक्त मुलग्यांना होतो. मूत्राशयाच्या तोंडाखाली, मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागात, गर्भावस्थेच्या पहिल्या काही महिन्यांतच पातळ पडदे तयार होतात. डॉक्टर त्याला पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात, थोडक्यात पीयूव्ही. वॉर्डात नुसतं ‘व्हॉल्व्हचं बाळ’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. साधारण पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. हे पडदे एकाच दिशेने अडवतात. बाहेरून नळी घातली तर ते बाजूला होतात आणि नळी सहज आत जाते. आतून लघवी यायला लागली की मात्र वाऱ्याने पदर फुगावा तसे ते फुगतात आणि वाट बंद करतात. म्हणून ‘नळी तर आरामात गेली, मग अडथळा कुठला?’ असं म्हणून हा आजार नाकारता येत नाही.

अडथळा इवलासा असला तरी त्याचं नुकसान खालून वर चढत जातं. जोर लावून लावून मूत्राशयाची भिंत जाड होते. मूत्रवाहिन्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात. निम्म्याच्या आसपास मुलांत लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते. घडण चालू असलेल्या किडनीवर हा दाब पडला की तिचा काही भाग नीट घडतच नाही. बाळ ज्या गर्भजलात वाढतं, ते चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मुख्यतः त्याच्याच लघवीचं बनलेलं असतं. लघवी बाहेर आली नाही तर गर्भजल आटतं, आणि ते आटलं की फुप्फुसांची वाढ खुंटते. तीव्र स्वरूपाच्या आजारात बाळ जन्मल्याबरोबर दगावतं ते बहुधा श्वासामुळे. किडनीची वेळ नंतर येते.

या पडद्यांचं पहिलं पद्धतशीर वर्गीकरण अमेरिकेतील बाल्टिमोर इथले ह्यू हॅम्प्टन यंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ साली मांडलं. त्यांनी सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी पहिलाच प्रकार आजही बहुतेक सगळ्या मुलांत दिसतो. पण आजार ओळखता येणं आणि दोन-तीन किलोच्या बाळावर इलाज करता येणं, यात कित्येक दशकं गेली. ब्रिटनमधल्या हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५९-६० च्या सुमारास काचेच्या कांड्यांची भिंगं रचून नवी दुर्बीण घडवली. त्यानंतर ती हळूहळू नवजात बाळाच्या मूत्रमार्गातून जाईल इतकी, अडीच-तीन मिलिमीटरची, बारीक होत गेली. जिथे अशी दुर्बीण नव्हती तिथल्या डॉक्टरांनी वेगळ्या वाटा शोधल्या. केरळचे बालशल्यचिकित्सक मोहन अब्राहम यांनी दुर्बिणीशिवाय पडदा कापणारं साधं हत्यार घडवून १९९० साली जगापुढे ठेवलं. ‘मोहन्स व्हॉल्व्होटोम’ हे त्याचं नाव. महागड्या साधनांची वाट पाहत बाळं मरू द्यायची नाहीत, ही त्यामागची भूमिका आम्हाला आजही तितकीच मोलाची वाटते.

आता आपल्याकडे. संपूर्ण विदर्भाचं, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाट आणि छत्तीसगड-तेलंगणाच्या सीमेलगतच्या गावांचं अवघड दुखणं शेवटी नागपूरला येतं. ‘मेडिकल’, ‘मेयो’, मिहानमधलं एम्स, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी, असा या भागातल्या मोठ्या रुग्णालयांचा पट्टा आहे. नवजात बाळावर दुर्बिणीतून ऑपरेशन करणारे बालशल्यचिकित्सक आज नागपुरात आहेत. तेवढ्यासाठी मुंबईची गाडी धरावी लागत नाही. तरीही बाळं उशिरा येतात, आणि ऑपरेशन झाल्यावर मुलं पुन्हा येईनाशी होतात. ही पुस्तिका त्या दोन्ही गळत्यांसाठी आहे. आमचं म्हणणं एकच आहे: पडदा कापणं हा या उपचाराचा सर्वांत छोटा भाग आहे. खरा उपचार त्याच्या आधीच्या काही दिवसांत आणि नंतरच्या वीस वर्षांत होतो.

उशीर टाळण्याची पहिली संधी सोनोग्राफीत मिळते. अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीत अशा बाळाचं मूत्राशय मोठं आणि जाड दिसतं, त्याखालचा मूत्रमार्ग फुगून कुलपाच्या भोकासारखी आकृती दिसते, दोन्ही किडन्यांत पाणी भरलेलं असतं. इथे आपल्या देशात एक पेच उभा राहतो. गर्भाचं लिंग सांगण्यास कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ साली देशात सर्वांत आधी केला, केंद्राचा १९९४ साली आला, आणि त्याची गरज किती होती हे आपण सगळे जाणतो. पण ज्या आजाराचं नाव घेतल्याबरोबर ‘मुलगा आहे’ हे उघड होतं, तो सांगायचा कसा? काही डॉक्टर या भीतीने अहवालात नुसतं ‘किडनीला सूज’ लिहून थांबतात आणि आई सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत तशीच राहते. यातून सरळ मार्ग आहे. ‘मूत्राशयाच्या खालच्या बाजूला अडथळ्याची शंका’ एवढं लिहिलं की पुरे. खालच्या मूत्रमार्गाचे काही विरळ अडथळे मुलींतही आढळतात, त्यामुळे या शब्दांतून लिंग उघड होत नाही. आईला मात्र मोठ्या रुग्णालयात वेळेवर पाठवता येतं, आणि बाळंतपण कुठे करायचं हे ठरवता येतं.

गर्भाशयातच बाळाच्या मूत्राशयात नळी बसवून लघवी गर्भजलात सोडण्याचा उपाय जगात केला जातो. त्याविषयी आई-वडिलांना खोटी आशा दाखवू नये. ब्रिटनमध्ये या उपायाची ‘प्लूटो’ नावाची चाचणी झाली. पुरेशा स्त्रिया सहभागी न झाल्याने ती लवकर थांबवावी लागली. ३१ स्त्रियांची माहिती २०१३ साली प्रसिद्ध झाली. नळी बसवलेली बाळं अधिक प्रमाणात वाचली असावीत असं त्यातून दिसलं, पण वाचलेल्यांपैकी फार थोड्यांच्या किडन्या नीट चालत होत्या. श्वास वाचवता येतो, बिघडून घडलेली किडनी मागे नेता येत नाही. हे डॉक्टरांनी घरच्यांना शांतपणे, पुरेसा वेळ देऊन सांगायला हवं.

दुसरी संधी जन्मानंतरची. पहिल्या २४ तासांत बहुतेक सगळी बाळं लघवी करतात आणि निरोगी मुलग्याची धार लांब, सलग उडते. धार न लागता थेंब थेंब येणं, लघवी करताना बाळाने कण्हणं, ओटीपोटात लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा हाताला लागणं, पोट फुगणं, दूध न ओढणं, कारण न कळता ताप किंवा अंग गार पडणं, वजन न वाढणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. धार चांगली दिसली म्हणजे आजार नाहीच, असंही नाही. गरोदरपणात सोनोग्राफीत शंका आली असेल तर धार कशीही असो, तपासणी व्हायलाच हवी. नागपूरच्या उन्हाळ्यात ‘गरमीनं लघवी कमी होते’ हे घराघरांत ऐकू येणारं वाक्य आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते खरंही असेल. नवजात मुलग्याच्या बाबतीत त्यावर विसंबून एक दिवसही घालवू नये.

ही नजर गावापर्यंत पोहोचवण्याची वाट विदर्भातच तयार झाली आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या साध्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. त्या प्रयोगाने नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आणल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे त्याच धर्तीवर देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाकडे आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते. त्या भेटींत एकच प्रश्न वाढवावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे: ‘मुलाची धार लागते का? मला दाखव.’ राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात शोधायच्या जन्मजात दोषांच्या मूळ यादीत दुभंगलेले ओठ आहेत, वाकडे पाय आहेत, हृदयाचे दोष आहेत. मूत्रमार्गाचा अडथळा नाही. जे यादीत नाही ते कुणी शोधत नाही. म्हणून हा प्रश्न आशाताईच्या तोंडी असायला हवा.

शंका पक्की झाली की पहिला उपचार कुठल्याही मोठ्या शहराची वाट पाहत नाही. बाळांना दूध भरवायची दोन मिलिमीटर जाडीची साधी नळी, जी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असते, ती मूत्रमार्गातून मूत्राशयात घालायची. फुग्याची नळी शक्यतो टाळायची, कारण तो फुगा आकसलेल्या मूत्राशयात मूत्रवाहिन्यांची तोंडं दाबू शकतो. नळी वरच्या फुगलेल्या भागातच वेटोळं घालून बसलेली नाही ना, हे लघवी वाहते आहे की नाही यावरून पाहायचं. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. अशा ठिकाणी बसवलेली ती नळी बाळाला पुढच्या प्रवासापर्यंत तारून नेते. ती घातल्यावर काही तासांत लघवीचा लोंढा सुटू शकतो आणि त्याबरोबर शरीरातलं पाणी आणि क्षार वाहून जातात. म्हणून लघवी मोजणं, सलाइन त्या हिशेबाने देणं, सोडियम-पोटॅशियम पाहणं आणि प्रतिजैविक सुरू करणं ही कामं नळीइतकीच महत्त्वाची आहेत. आणखी एक गोष्ट नव्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावी: जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत बाळाच्या रक्तातलं क्रिॲटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) हे बऱ्याच अंशी आईचं असतं. त्यावरून बाळाच्या किडनीचा निवाडा करू नये.

बाळ स्थिरावलं की मूत्राशयात औषध भरून, लघवी करताना एक्स-रे काढतात आणि पडद्यांची जागा पक्की होते. मग भूल देऊन दुर्बिणीतून पडदा कापला जातो. काम काही मिनिटांचं असतं. बाळ फार लहान असेल, दुर्बीण जात नसेल किंवा संसर्ग आटोक्यात येत नसेल, तर काही महिन्यांसाठी बेंबीखाली मूत्राशयाला छोटं तोंड करून लघवी लंगोटात वाहू देतात. ते तोंड पाहून घरचे घाबरतात. पण ते तात्पुरतं असतं आणि किडनीला विसावा देतं. साधारण तीन महिन्यांनी पडदा पूर्ण गेला आहे ना, याची पुन्हा खात्री करावी लागते.

इथपर्यंत आलं की घरात पेढे वाटले जातात, आणि इथेच आमची काळजी सुरू होते. पडदा गेला तरी मूत्राशयाला त्या पडद्याशी झुंजायची सवय जन्माआधीच लागलेली असते. अडथळा दूर झाल्यावरही जाड, ताठर मूत्राशय उच्च दाबाने काम करत राहतं आणि किडनीला इजा करत राहतं. १९८२ साली अमेरिकेतील मायकेल मिचेल यांनी याला ‘व्हॉल्व्ह ब्लॅडर’ असं नाव दिलं. पहिल्या वर्षातलं सर्वांत कमी क्रिॲटिनिन (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) ०.८ च्या खाली आलं तर पुढची वाट बहुधा बरी असते, ते १.२ च्या वर राहिलं तर किडनी लवकर थकण्याची भीती मोठी. जगभरच्या अनुभवानुसार या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकावर ते तिघांतल्या एकावर, पुढे तरुणपणापर्यंत किडनी निकामी होण्याची वेळ येते. हा आकडा घाबरवण्यासाठी दिलेला नाही. उरलेल्या मुलांना तिथवर जाऊ न देण्याची कामं आपल्या हातात आहेत, म्हणून दिला आहे.

त्यातलं पहिलं काम पाण्याचं. यातल्या बऱ्याच मुलांची किडनी लघवी दाट करू शकत नाही. पाणी कमी मिळालं तरी ती भरपूर, पातळ लघवी करतच राहते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा असं मूल एका उलटी-जुलाबात कोरडं पडतं आणि किडनीची उरलीसुरली ताकद गमावतं. अशा मुलाने उन्हाळ्यात किती आणि कसं पाणी प्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी न देता दूध वारंवार पाजावं. उलटी-जुलाब झाला तर ‘संध्याकाळपर्यंत पाहू’ असं म्हणू नये.

दुसरं काम संसर्ग रोखण्याचं. तापासोबतचा लघवीचा प्रत्येक संसर्ग किडनीवर डाग ठेवून जाऊ शकतो. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नुसतं प्रतिजैविक दिलेल्या मुलांत दोन वर्षांत असा संसर्ग २० टक्क्यांना झाला. प्रतिजैविकासोबत सुंता केलेल्यांत तो ३ टक्क्यांवर आला. सुंता म्हटलं की अनेक हिंदू घरं बिचकतात. त्यांची अडचण आम्ही समजतो, आणि म्हणूनच स्पष्ट सांगतो की इथे प्रश्न धर्माचा नाही, पुढच्या त्वचेखाली साठणाऱ्या जंतूंचा आहे. निर्णय आई-वडिलांचा, पण तो माहिती घेऊन व्हावा.

तिसरं काम मूत्राशयाचं. ठरावीक वेळी लघवीला जाणं, एकदा करून थोड्या वेळाने पुन्हा करणं, लागेल तेव्हा मूत्राशय सैल करणारं औषध घेणं. काहींना दिवसातून तीन-चार वेळा स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामं करावं लागतं. ही पद्धत जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली रूढ केली आणि तिने जगभरातल्या असंख्य मुलांच्या किडन्या वाचवल्या. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की हे स्वतः शिकतो. त्याला शाळेत कडी असलेला, पाणी असलेला संडास हवा आणि तास चालू असताना न विचारता उठण्याची मुभा हवी. उशिरापर्यंत कपडे ओले करणाऱ्या अशा मुलाला वर्गात हसतात, घरी रागावतात. तो आळशी नाही. त्याचं मूत्राशय आजारी आहे. हे एक वाक्य शिक्षकांना लेखी कळवावं, त्याचा नमुना या पुस्तिकेत दिला आहे.

चौथं काम सर्वांत अवघड, कारण ते मूल ठणठणीत दिसत असताना करायचं असतं. वयात येताना शरीर झपाट्याने वाढतं आणि अधू किडनीला ते वाढलेलं ओझं पेलत नाही. बारा ते अठरा या वर्षांत रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, क्रिॲटिनिन, सोनोग्राफी यांची तपासणी सुटता कामा नये. नेमकं याच वयात मुलं दवाखान्यात यायला नकार देतात. किडनी थकलीच तर डायलिसिस आहे, प्रत्यारोपण आहे. पण नवी किडनीही त्याच जुन्या मूत्राशयाला जोडायची असते. ते आधी नीट केलं नाही तर आईने दिलेली किडनीही धोक्यात येते. लग्न आणि मूलबाळ यांविषयी आई-वडील बोलायला कचरतात, म्हणून आम्हीच बोलतो: ज्यांच्या किडन्या चांगल्या राहिल्या, त्या मुलांपैकी बहुतेकांचा संसार इतरांसारखाच होतो.

एक गोष्ट सासर-माहेरच्या सगळ्यांसाठी. हा आजार आईच्या खाण्याने, कामाने, ग्रहणात भाजी चिरल्याने किंवा कुणाच्या नजरेने होत नाही. गर्भाच्या घडणीत झालेली ती चूक आहे आणि त्यात कुणाचाही दोष नाही. ज्या घरात सुनेला बोल लावला जातो, तिथे तीच पुढे तपासणीला यायला घाबरते आणि नुकसान मुलाचं होतं.

पैशांविषयीही बोलायला हवं. आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात २०१२ साली वेगळ्या नावाने झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली आणि अमरावती होते. अशा योजनांमुळे ऑपरेशनसाठी घरची शेती गहाण टाकण्याची वेळ कमी झाली. पण वीस वर्षांच्या फेऱ्यांचं भाडं, प्रत्येक फेरीला बुडणारी मजुरी, रोजचं औषध, नळ्या यांचा भार घरावरच पडतो. मूल पुन्हा न येण्यामागे निष्काळजीपणापेक्षा हेच कारण जास्त वेळा असतं. त्यावरचा उपायही फार खर्चिक नाही. रक्त, लघवी आणि रक्तदाबाच्या तपासण्या जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात व्हाव्यात, अहवाल फोनवरून नागपूरला जावा आणि मूल वर्षातून एखाद-दोनदाच इकडे यावं. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अशा मुलांची एक नोंदवही हवी आणि तारीख चुकली की घरी फोन करणारं एक माणूस हवं.

पुढची पानं चार भागांत आहेत. पहिला गरोदर आई आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांसाठी, दुसरा आशाताई आणि परिचारिकांसाठी, तिसरा ऑपरेशनच्या आधी-नंतर वॉर्डात बसलेल्या आई-बाबांसाठी, आणि चौथा त्या मुलासाठी, तो स्वतः वाचू लागेल तेव्हाचा. शेवटी एक कोरा तक्ता आहे. त्यात प्रत्येक तपासणीची तारीख, वजन, उंची, रक्तदाब आणि क्रिॲटिनिन लिहायचं आहे. मुलगा अठरा वर्षांचा होऊन बालविभागातून मोठ्यांच्या विभागात जाईल तेव्हा नव्या डॉक्टरांना त्याचा सगळा प्रवास या एका तक्त्यावरून कळेल. म्हणून आई-बाबांना आमचं सांगणं आहे: ऑपरेशन झाल्याच्या दिवशी त्यातली पहिली ओळ भरा आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.